नोकरी मागण्याआधी माहिती मागा

(सोलापुरात पदवीच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, सकाळी नाव नोंदवताना संयोजकांनी तुम्हाला एकेक चिठ्ठी दिली होती. कामाबद्दल मनात असलेला एक प्रश्न लिहा, स्वतःचं नाव लिहू नका, असं सांगितलं होतं. चहाच्या सुट्टीत मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. काही उर्दूत आहेत, बहुतेक मराठीत आहेत. तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत. पहिला: ‘आपल्या नावाला नोकरी मिळते का?’ दुसरा: ‘मला काय आवडतं तेच कळत नाही, मग क्षेत्र कसं निवडू?’ आणि तिसरा बहुतेक मुलींचा: ‘घरचे पाठवणार नाहीत, काय करू?’ मी तयार करून आणलेलं भाषण बाजूला ठेवते आणि याच तीन प्रश्नांवर बोलते.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की पुण्यात पंधरा-सोळा वर्षं मी कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम केलं. म्हणजे अर्ज पाठवणाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीत मी बसले आहे. तिथून जे दिसलं, ते तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे.

नावाचा प्रश्न

सगळ्यात अवघड प्रश्न आधी घेऊ. नोकरीत भेदभाव होतो का? होतो. हे आपण तक्रार म्हणून बोलतो असं काही लोकांना वाटतं, म्हणून मोजून काढलेल्या दोन गोष्टी सांगते.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या दोन अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला साधारण एक तृतीयांश. पुढे २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशन या संस्थेने असाच अभ्यास मुलींच्या बाबतीत केला. सुरुवातीच्या पातळीवरच्या एक हजार नोकऱ्यांसाठी दोन अर्ज केले. शिक्षण तेच, कौशल्यं तीच. एका अर्जावर प्रियंका शर्मा हे नाव, दुसऱ्यावर हबीबा अली. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, हबीबाला १०३ ठिकाणांहून.

आता हे आकडे ऐकून दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी करतात. एक म्हणतो, ‘असं काही नसतं, तुम्ही मेहनत करा.’ त्याच्याकडे लक्ष देऊ नका. दुसरा म्हणतो, ‘बघ, मी सांगत होतो ना, अर्ज करून काय उपयोग?’ हा दुसरा आपल्या घरातला, आपल्या कट्ट्यावरचा असतो. तो आपल्या काळजीपोटी बोलतो, म्हणून त्याचं आपण ऐकतो. मला त्याच्याबद्दल जास्त भीती वाटते.

कारण आकडा पूर्ण वाचायला हवा. हबीबाला १०३ ठिकाणांहून बोलावणं आलंच ना? म्हणजे दहा अर्जांमागे एक. प्रियंकाला दहामागे दोन. हबीबाला तेवढ्याच संधीसाठी दुप्पट अर्ज करावे लागतात. हा सरळ अन्याय आहे. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला संविधानाच्या अनुच्छेद १६ने मनाई केली आहे. खासगी कंपनीच्या भरतीत मात्र धर्मावरून होणाऱ्या भेदभावाला थेट रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे अजून नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती, ती कागदावर राहिली. त्यासाठी लढणं हे आपल्या चळवळीचं काम आहे आणि ते आपण करत राहू. पण कायदा होईपर्यंत तुमचं पंचविसावं वर्ष थांबणार नाही. म्हणून आज रात्री घरी जाऊन करायचं गणित असं आहे: पाच अर्ज करून ‘आपल्याला कुणी घेत नाही’ असा निष्कर्ष काढायचा नाही. पन्नास अर्ज झाल्यावर बोलू.

समोरच्या खुर्चीतून मी आणखी एक गोष्ट बघितली आहे. कित्येक जागांसाठी मुस्लिम मुलामुलींचे अर्जच आलेले नसायचे. जिथे आपण अर्जच करत नाही, तिथे भेदभाव करणाऱ्याला काही करावंच लागत नाही. त्याचं काम आपणच करून टाकतो.

दुसरं, नावाचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. जिथे माणूस नुसता कागद बघून ठरवतो, तिथे पूर्वग्रहाला वाव जास्त. जिथे बैठक क्रमांकावर परीक्षा होते, गुणवत्ता यादी लागते, काम करून दाखवायला सांगतात, किंवा आतलाच कुणीतरी ‘या मुलीला मी ओळखतो, चांगली आहे’ असं सांगतो, तिथे वाव कमी. बँकांच्या आणि रेल्वेच्या परीक्षा, कोडिंगच्या चाचण्या, डिझाइनचे नमुने, अनुवादाचे नमुने ही अशी दारं आहेत. आयटीआयच्या मुलांनो, १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रेल्वे, एसटी महामंडळ, माझगाव डॉक अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवार घेतले जातात. रेल्वेत निवड मुख्यतः दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. तिथे तुमचं आडनाव काय आहे यापेक्षा टक्के किती आहेत याला महत्त्व आहे. अर्ज केलेत का? हात वर करा. बघा, किती थोडे हात आहेत.

एका चिठ्ठीत विचारलंय, सीव्हीवर नाव बदलून लिहू का? माझं उत्तर नाही. कागदपत्रं तपासताना खरं नाव समोर येतंच, आणि मग खोटं बोलल्याचा ठपका बसतो. हिजाबबद्दलही विचारलंय. तुम्ही घालत असाल तर घालूनच मुलाखतीला जा. जिथे त्यामुळे नकार मिळणार आहे, तो पहिल्या दिवशी मिळालेला बरा. जुम्म्याच्या नमाजसाठी अर्धा-पाऊण तास लागणार असेल, तर नियुक्तीपत्र हातात आल्यावर आणि रुजू होण्याआधी साध्या शब्दांत सांगा, आणि तो वेळ कसा भरून काढाल तेही सांगा. बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

मोहल्ल्यात कोणती माहिती पोचते?

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं त्याबद्दल. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. लोकांना नोकऱ्या कशा मिळाल्या हे त्यांनी तपासलं आणि १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांना असं आढळलं, की नोकरीची माहिती बऱ्याचदा जिवलग मित्राकडून किंवा नातेवाइकाकडून येत नाही. कधीमधी भेटणाऱ्या, दुरून ओळखीच्या माणसाकडून येते. कारण सोपं आहे. तुमच्या जिवलग मित्राला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या जगात वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते.

हे वाचलं तेव्हा मला आपले मोहल्ले आठवले. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, गोवंडी, पुण्याचा कोंढवा, इथल्या सोलापुरातल्या आपल्या पेठा. आपल्याकडे जवळची नाती भरपूर आहेत. अडीनडीला चाळीस माणसं धावून येतात, अ‍ॅडमिशनची फी कमी पडली तर चाचा, मामू, खाला मिळून भरतात. ही मोठी ताकद आहे. पण या चाळीसही माणसांना तीच चार कामं माहीत असतात: दुकान, रिक्षा, गॅरेज, यंत्रमाग. फार तर डी.एड., बी.एड. किंवा ‘दुबईला जा’. त्यात कमी प्रतीचं काही नाही. अडचण एवढीच, की आपल्या मुलाला पाचवं काम कुठलं असतं हे कळतच नाही. मुलगा गणितात हुशार असला तरी विमा कंपन्यांत जोखमीचं गणित मांडणारे अ‍ॅक्चुअरी असतात हे त्याला कुणी सांगत नाही. मुलगी उर्दू, हिंदी, मराठी, इंग्रजी अशा चार भाषा बोलते, पण सबटायटलिंग किंवा अनुवाद हे पगारी काम आहे हे तिच्या कानावर येत नाही. मग आपण म्हणतो, मुलांना आवड नाही. जे कधी पाहिलंच नाही त्याची आवड कशी लागणार?

म्हणून माझा मुख्य सल्ला हा आहे. नोकरी मागण्याआधी माहिती मागा. पुढच्या दोन महिन्यांत दहा अशा माणसांशी बोला जी तुमच्या घरातली नाहीत, मोहल्ल्यातली नाहीत, आणि तुम्हाला माहीत नसलेलं काम करतात. त्यांच्याकडे नोकरी मागू नका. नोकरी मागितली की माणूस अवघडतो, कारण ती देणं त्याच्या हातात नसतं. माहिती मागितली की बहुतेक माणसं मोकळेपणाने बोलतात. आपल्या कामाबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं.

माणसं कुठून आणायची? तुमच्या कॉलेजचे पाच-सात वर्षांपूर्वीचे माजी विद्यार्थी. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम. अब्बांच्या दुकानात नेहमी येणारे बँकेतले साहेब. लिंक्डइनवर तुमच्या शहराचं आणि कॉलेजचं नाव टाकून शोधलं तर सापडणारे लोक. मेसेज कसा लिहायचा, तेही सांगते. फोन काढा, लिहून घ्या:

‘नमस्कार सर. मी सोलापूरला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपण औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करता असं आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडमनी सांगितलं. या कामाबद्दल मला चार प्रश्न विचारायचे आहेत. या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? आपल्या सोयीची वेळ सांगावी.’

एवढंच. ‘हाय’ लिहून थांबायचं नाही. सीव्ही जोडायचा नाही. दहापैकी चार जण उत्तर देतील असं धरून चाला आणि पंचवीस जणांना लिहा.

आणि विचारायचं काय? काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलं? या कामात कंटाळवाणं काय आहे? सुरुवातीला पगार किती मिळतो आणि पाच वर्षांनी माणूस कुठे असतो? नवीन माणसात तुम्ही काय बघता? शेवटी एक प्रश्न कधीच चुकवू नका: मी आणखी कुणाशी बोलू? त्या एका प्रश्नातून पुढची ओळख मिळते. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी आभाराचा मेसेज पाठवा. महिन्याभराने, त्यांनी सांगितलेलं काय केलंत ते दोन ओळींत कळवा. पुढे त्यांच्याकडे जागा निघते तेव्हा तुमचं नाव त्यांना आठवतं, आणि ‘आतलं कुणीतरी सांगणारं’ तुम्हाला मिळतं. नावामुळे बंद होणारं दार बऱ्याचदा असंच उघडतं.

आवड आधी कळत नाही

दुसरी चिठ्ठी: ‘मला काय आवडतं तेच कळत नाही.’ वीस-बाविसाव्या वर्षी हे न कळणं अगदी साहजिक आहे. ‘पॅशन शोधा’ असं सांगणारे व्हिडिओ बघून मुलं काळजीत पडतात, की आपल्याला पॅशनच नाही. मी तुम्हाला एका मुंबईकराची गोष्ट सांगते.

सालिम अली यांना तुम्ही पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखता. जन्म १८९६चा. आईवडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. कॉलेजचं पहिलंच वर्ष जड गेलं आणि ते सोडून घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात. त्यात जम बसला नाही. परत आल्यावर व्यापारी शिक्षण घेतलं. मग सेंट झेव्हियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी गळ घातली म्हणून प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पक्ष्यांचा नाद मात्र लहानपणापासून होता. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा हवी होती, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगणाऱ्या गाइड लेक्चररची नोकरी लागली. पगार ३५० रुपये. तिथून अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये श्ट्रेझमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकले. १९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी ती म्युझियमची जागाच रद्द झाली होती. वय चौतीस, लग्न झालेलं, नोकरी नाही.

मग ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसलेल्या त्या काळात त्यांनी रोज त्या घरट्यांचं निरीक्षण करून नोंदी ठेवल्या. त्यातून लिहिलेल्या शोधनिबंधाने जाणकारांमध्ये त्यांचं नाव झालं. पुढे संस्थानांमधली पक्षिसर्वेक्षणं त्यांनी केली, आणि भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९४१ मध्ये आलं. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या घरात होते.

ही गोष्ट ‘स्वप्नाच्या मागे धावा’ असं सांगण्यासाठी मी निवडलेली नाही. त्यांना घरचा आधार होता, तो सगळ्यांना नसतो. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. कच्ची आवड होती. तिला शिक्षणाची जोड दिली. मनासारखी जागा मिळाली नाही तेव्हा तिच्या शेजारची छोटी जागा घेतली. आणि तीही गेली तेव्हा हाताशी जे होतं त्यावर, कुणी पगार देत नसताना, कसून काम केलं आणि ते लिहून लोकांसमोर ठेवलं. आज याला आपण पोर्टफोलिओ म्हणतो.

तेव्हा आवड कळण्याची वाट बघू नका. दोन-तीन कामं छोट्या प्रमाणात करून बघा. अकाउंट्स आवडतील असं वाटतं? मोहल्ल्यातल्या एका दुकानाचे तीन महिन्यांचे हिशेब लिहून द्या. शिकवणं आवडेल असं वाटतं? आठवीच्या चार मुलांना दोन महिने गणित शिकवा. मग स्वतःला तीन गोष्टी विचारा. हे करताना वेळ कसा जातो? याचा उपयोग कुणाला झाला, ते मला दिसलं का? यात मी महिन्यागणिक सुधारतोय का? तिन्हींना ‘हो’ असेल तर ते काम मनासारखं होण्याची शक्यता आहे. कमाईचा विचार चौथा, पण तो कराच. घरात दोन बहिणी शिकणाऱ्या असतील तर आधी पगाराची नोकरी घ्या आणि आवडीच्या कामाला रविवार द्या. त्यात कमीपणा नाही.

जी मुलं स्पर्धा परीक्षा देताहेत, त्यांच्याशी दोन शब्द. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख, रिक्षाचालकाचा मुलगा, एकविसाव्या वर्षी यूपीएससी उत्तीर्ण झाले. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण प्रत्येक कार्यक्रमात एकाच यशाची गोष्ट सांगून आपण हजारो मुलांना पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसवतो. जागा हजाराच्या आसपास आणि अर्ज लाखांनी. परीक्षा द्या, पण पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर काय. ती तारीख घरच्यांनाही सांगा.

घरातलं कौशल्य

आपल्यातल्या पुष्कळांची आडनावंच कामांची आहेत. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार. मिरजेचं उदाहरण घ्या. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी, शस्त्रांची मागणी घटली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात हातातलं तेच कसब तंबोरे आणि सतारी बनवण्याकडे वळवलं. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. कसब तेच राहिलं, बाजार बदलला.

मी एकदा एका बागवान घरातल्या मुलाची मुलाखत घेतली. बी.कॉम. झालेला. सीव्हीवर अनुभव या मथळ्याखाली लिहिलं होतं: ‘नाही’. बोलता बोलता कळलं, की बारावीपासून तो पहाटे मार्केट यार्डात जायचा, डाळिंबाची प्रत बघून भाव ठरवायचा, वीस-बावीस किरकोळ विक्रेत्यांची उधारी सांभाळायचा आणि वसूल करायचा. याला अनुभव नाही म्हणायचं? फळांच्या निर्यातीत प्रतवारीची माणसं लागतात, शीतगृहांना लागतात, वसुली सांभाळणारी माणसं तर प्रत्येक वित्तसंस्थेला लागतात. घरचं काम आहे म्हणून ते लपवू नका. आकड्यांसकट लिहा.

सीव्हीबद्दल थोडक्यात. एक पान पुरे. त्यावर वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती लिहायची गरज नाही, तो लग्नाचा बायोडाटा नव्हे. ‘मेहनती, होतकरू’ असे शब्द कुणी वाचत नाही, केलेलं काम लिहा. भाषा नक्की लिहा. उर्दू माध्यमातल्या मुलांनो, मराठी पक्की करा. महाराष्ट्रातलं सरकारी कार्यालय, जिल्ह्याची बँक, दवाखाना, न्यायालय, सगळीकडे तिच्यावाचून अडतं. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येणारा माणूस दुर्मीळ आहे आणि त्याला मागणी आहे.

कागदं आणि फसवणूक

आता एक रुक्ष विषय, पण यात आपली सर्वांत जास्त मुलं अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, पॅनवर इंग्रजीत नुसतं ‘एमडी’. एकीकडे ‘शेख’ आधी, दुसरीकडे नंतर. निवड झाल्यावर कागदपत्रांच्या तपासणीत हे सगळं बाहेर येतं आणि हातची जागा लांबते. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीची कागदं आजपासून त्याप्रमाणे करून घ्या. नावच बदलायचं असेल तर राजपत्रात नोंद करा.

दुसरं, ओबीसी दाखला. वर घेतलेल्या समाजांपैकी अनेक आणि इतरही काही मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं असतं आणि तिथेच गाडी अडते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, महसुली कागद. हे शोधायला महिने लागतात, म्हणून जाहिरात निघायची वाट बघू नका. दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, तिन्ही तयार ठेवा. जे कोणत्याच आरक्षणात बसत नाहीत, त्यांना उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचं दहा टक्के आरक्षण आहे. ते मुस्लिमांनाही लागू आहे, हे अनेक घरांना माहीतच नाही.

आणि पैसे देऊन नोकरी घेऊ नका. ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘फाइल चार्ज’, ‘साहेबांचा हिस्सा’, नाव काहीही असो, उमेदवाराकडून पैसे घेणारी नोकरी संशयाची समजा. आखातात जाणाऱ्यांनी एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो, त्यांना आखाती देशात कामाला जाताना परवानगी लागते. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बघू’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. करारावर पगार, कामाचे तास आणि राहण्याची सोय लिहिलेली हवी, आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जा.

घरचे पाठवणार नाहीत

तिसरी चिठ्ठी. मुलींनो, ‘घरचे नाही म्हणतात’ या वाक्याच्या आत काय आहे ते आधी शोधा. भीती प्रवासाची आहे का? उशिरा येण्याची? लोक काय म्हणतील याची? की कमावती मुलगी ऐकणार नाही याची? प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. प्रवासाची भीती असेल तर अम्मीला एकदा सोबत घेऊन जा, ऑफिस दाखवा, सोबत काम करणाऱ्या बाईंशी ओळख करून द्या. मी अनेकदा उमेदवाराच्या आईला ऑफिस दाखवलं आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पहिल्या फेरीत ‘सहा महिने करून बघते’ एवढंच मागा. सहा महिन्यांनी पगार घरात दिसू लागलेला असतो.

सुरक्षिततेचं बोलताना अब्बांना कायदा सांगा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलाखतीच्या शेवटी ‘तुमच्याकडे समिती आहे का?’ असं खुशाल विचारा. पात्र महिलेला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, हे सासरीही सांगून ठेवा.

आणि इथे बसलेल्या मुलांना विचारते. तुमच्या बहिणीला नोकरीला जायचं असेल तर घरात पहिला ‘नाही’ कोण म्हणतं? अब्बा की तुम्ही? तिला स्टेशनवर सोडायला सकाळी वीस मिनिटं लवकर उठाल का? काही घरांत मुलीचं अख्खं करिअर त्या वीस मिनिटांवर ठरतं.

शेवटी, या आठवड्यात करायची तीन कामं. एक: पंचवीस अनोळखी माणसांची यादी करा आणि त्यातल्या पाच जणांना आज रात्री मेसेज पाठवा. दोन: दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पॅन शेजारी ठेवून नावाची अक्षरं जुळवून बघा. तीन: घरच्या, दुकानातल्या, मोहल्ल्यातल्या ज्या कामाला तुम्ही आजवर ‘काही नाही’ म्हणत आलात, ते एका कागदावर लिहा. आजच्या गटचर्चेत हाच कागद घेऊन बसायचं आहे. पेन काढा, सुरुवात इथेच करू.